एका फुफ्फुसावरचे गाणे आणि तुमच्या लेकीचे सहा महिने

ताई, तुमचा प्रश्न मी आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुमची लेक 19 वर्षांची आहे, लहानपणापासून शास्त्रीय गाणे शिकते. मागच्या आठवड्यात तिच्या उजव्या फुफ्फुसाच्या वरच्या भागात टीबी निघाला, थुंकीत जंतू सापडले, औषधे सुरू झाली. दीड महिन्यावर तिचे गाणे ठरले आहे आणि ती रियाज बंद करायला तयार नाही. तिचे म्हणणे, "कुमारजी एका फुफ्फुसावर गायले, माझी तर दोन्ही आहेत, मी घरी का बसू?" वडिलांना तिच्या जिद्दीचे कौतुक वाटते, आत्याबाई हवापालटाला पंचमढीला पाठवा म्हणतात, आजी म्हणतात कोणाला सांगू नका. तुम्हाला मात्र रात्री झोप लागत नाही.

तुमची भीती रास्त आहे. औषधे पूर्ण घेतली तर तिचे गाणे सहसा वाचेल. दीड महिन्यावरचा कार्यक्रम मात्र सोडायला हवा. इतके सांगून थांबता आले असते, पण तिने कुमारजींचे, म्हणजे थोर गायक कुमार गंधर्वांचे, नाव घेतले आहे. इंदुरात छातीच्या आजारांवर उपचार करताना मराठी घरांतून हे वाक्य मी पुष्कळ ऐकले आहे. देवास इथून तासाभरावर, कुमारजी आपल्याला घरचे वाटतात, त्यामुळे त्यांचे उदाहरण चटकन ओठांवर येते. म्हणून त्यांच्या आजारपणात नेमके काय घडले ते एका डॉक्टरच्या नजरेने सांगतो. तिलाही हे वाचायला द्या.

कुमार गंधर्वांचा जन्म 8 एप्रिल 1924 चा, बेळगावजवळच्या सुळेभावीचा. लहान वयातच त्यांचे गाणे गाजले आणि मग मुंबईत प्रा. बी. आर. देवधरांकडे त्यांची तालीम झाली. 1947 साली भानुमती कंस यांच्याशी लग्न झाले आणि त्याच सुमारास क्षयाने गाठले. तेव्हा त्यांचे वय होते अवघे 23. माळव्याची कोरडी हवा मानवेल म्हणून 1948 च्या जानेवारीत ते देवासला आले. डॉक्टरांनी गाण्याला सक्त मनाई केली होती. पुढची जवळजवळ पाच वर्षे हा माणूस अंथरुणाला खिळून होता. ज्याने दहाव्या-अकराव्या वर्षी मुंबईची मैफल जिंकली, त्याला पंचविशीत षड्जसुद्धा मोकळ्या आवाजात लावायची परवानगी नव्हती.

आता बेटा, इथून पुढे तू नीट वाच. त्या वर्षांत कुमारजी गात नव्हते. "एका फुफ्फुसावर गायले" हे खरे आहे, पण ते आजार बरा झाल्यानंतरचे. आजार अंगात असताना त्यांनी डॉक्टरांचे ऐकले, पडून राहिले, फार तर ओठांतल्या ओठांत गुणगुणले. तू ज्या धाडसाचा दाखला देतेस ते त्यांनी केलेलेच नाही.

मग ते बरे कशाने झाले? जिद्दीने झाले असे आपण सहज म्हणतो. माझे उत्तर वेगळे आहे. ते स्ट्रेप्टोमायसिनने आणि भानुमतीबाईंच्या शुश्रूषेने बरे झाले. क्षयाच्या जंतूवर खरोखर चालणारे हे पहिले औषध 1943 साली अमेरिकेत सापडले. कुमारजी देवासला आले त्याच वर्षी, म्हणजे 1948 साली, ब्रिटनमधल्या चाचणीचे निष्कर्ष छापून आले. एकूण 107 रुग्ण होते. औषध मिळालेल्या 55 जणांपैकी सहा महिन्यांत 4 दगावले, नुसत्या विश्रांतीवर ठेवलेल्या 52 जणांपैकी 14. आपल्याकडे हे औषध पुरेसे मिळायला आणखी काही वर्षे गेली. 1952 च्या सुमारास ते कुमारजींना मिळाले आणि मग हळूहळू ताप हटला, वजन भरले, आवाज परतला. तोवर एक फुफ्फुस कायमचे निकामी झाले होते.

जिद्द कमी लेखायचा माझा हेतू नाही. पण आनंदीबाई जोशींचे नाव प्रत्येक मराठी घरात घेतले जाते, त्यांच्याकडे जरा या बाजूने पाहा. नवव्या वर्षी लग्न, चौदाव्या वर्षी बाळ झाले आणि ते दहा दिवसांत गेले. त्यातून डॉक्टर व्हायचा निश्चय करून 1883 साली त्या पतीला मागे ठेवून कलकत्त्याहून बोटीने अमेरिकेला निघाल्या. अनोळखी देश, कडाक्याची थंडी, न मानवणारे अन्न, खालावत जाणारी तब्येत, आणि तरीही 1886 च्या मार्चमध्ये एम. डी. कोल्हापूरच्या रुग्णालयात स्त्रियांच्या विभागाची जबाबदारी त्यांच्यासाठी ठरली होती. ती त्यांना घेता आलीच नाही. 26 फेब्रुवारी 1887 ला पुण्यात त्या क्षयाने गेल्या. बावीस पूर्ण व्हायला महिनाभर उरला होता.

कुमारजींची जिद्द आनंदीबाईंपेक्षा जास्त होती असे कोण म्हणेल? रॉबर्ट कॉख यांनी क्षयाचा जंतू 1882 सालीच दाखवला होता. म्हणजे आनंदीबाई वैद्यकी शिकत होत्या तेव्हा शत्रू कोण हे कळले होते, पण त्याला मारायचे औषध यायला अजून साठ वर्षे होती. दोघांनाही आजार तोच, वय विशीचे. एक 1887 मध्ये गेल्या, दुसरे 1992 पर्यंत जगले, बरे झाल्यावर चार दशकांच्या आसपास गायले. या दोन आयुष्यांत मला दिसणारा सर्वांत मोठा फरक औषधाचा आहे. तुमच्या लेकीच्या हातात आज जी गोळ्यांची पट्टी आहे, तिच्यासाठी आनंदीबाईंचे पती गोपाळराव जोशींनी काय काय दिले नसते! ती पट्टी सरकारी केंद्रात फुकट मिळते. म्हणून "जिद्दीने आजार हरवला" हे वाक्य मला फार जपून वापरावेसे वाटते. जे हरले त्यांची जिद्द कमी पडली असा अन्याय त्यात नकळत होतो.

आता फुफ्फुसाचा हिशेब. हा भाग मला स्वतःला फार मोलाचा वाटतो आणि गाणाऱ्या मुलीला तो कळेलही पटकन.

निरोगी तरुण मुलीने श्वास पूर्ण भरून पूर्ण सोडला तर साधारण अडीच ते तीन लिटर हवा बाहेर येते. मध्यम आवाजात सूर लावला की सेकंदाला अंदाजे 150 ते 200 मिलिलिटर हवा खर्च होते. म्हणजे एका दमात 15 सेकंदांच्या आसपास सूर धरता येतो, तयारीच्या गळ्याला थोडा जास्त. फुफ्फुसाची ताकद निम्मी झाली तर हाच दम सात-आठ सेकंदांवर येतो. आता हे तालात मोज. अतिविलंबित, म्हणजे अगदी संथ, एकतालाचे एक आवर्तन, म्हणजे तालाची एक फेरी, 50 ते 60 सेकंदांची असते. मध्य लयीतल्या त्रितालाचे सहा-आठ सेकंदांचे. द्रुत, म्हणजे जलद, त्रितालाचे चार-पाच सेकंदांचे. म्हणजे निम्म्या दमात मध्य लयीचे आवर्तन कसेबसे निभते, द्रुत आरामात निभते, आणि विलंबितात लांबलचक आलापाला जागोजागी श्वास घ्यावा लागतो.

कुमारजींचे मध्य आणि द्रुत लयीतले गाणे, छोट्या छोट्या स्वरवाक्यांत बोलणारे, मध्येच सूर फेकून एकदम शांत होणारे, हे ऐकताना हा हिशेब माझ्या मनात असतो. श्वास कुठे घ्यायचा हे त्यांनी ठरवलेले असते आणि ती थांबण्याची जागासुद्धा गाण्यात बसलेली असते. पण त्यांची सारी शैली फुफ्फुसाने घडवली, असे जे सर्रास बोलले जाते ते मला मान्य नाही. एका फुफ्फुसावर जगणारे कितीतरी रुग्ण मी पाहिले आहेत. आजाराने त्यांचा श्वास कमी केला, त्या बदल्यात कोणाला काही दिले नाही. आजाराने कुमारजींना एक मर्यादा घातली. त्या मर्यादेत काय करायचे हा विचार त्यांचा होता आणि त्या विचारामागे देवधर मास्तरांकडची भक्कम तालीम होती.

आणि मग ती अंथरुणावरची वर्षे. तुझ्यासाठी खरा धडा असेल तर तो इथे आहे. गाता येत नव्हते तेव्हा ते ऐकत होते. देवासच्या रस्त्याने जाणारे नाथपंथी जोगी, लग्नकार्यात, सणावारी बायकांच्या तोंडी असलेली माळवी गाणी, पाखरांचे आवाज. माळवी लोकगीते चार-पाच स्वरांत फिरतात. त्या चार-पाच स्वरांत रागाचे बीज असते, धुनेतून राग उगवतो, हा त्यांचा विचार त्या ऐकण्यातून पक्का झाला. पुढे त्यांनी स्वतः बांधलेल्या रागांना धुनउगम राग म्हटले. मालवती, लगनगांधार, संजारी ही त्यातली नावे. कबीराची निर्गुणी भजने ज्या रीतीने ते गायले, तिची मुळेही जोग्यांच्या गाण्यात आहेत. बरे झाल्यावर माळव्याची लोकगीते त्यांनी मैफलीत मांडली तेव्हा रसिकांना काहीतरी अगदी नवे ऐकतो आहोत असे वाटले, आणि ते होते शेजारच्या अंगणातले.

एका गोष्टीचा उल्लेख केल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. ज्या भानुमतीबाईंनी ही सारी वर्षे औषध, पथ्य, घर सांभाळले, त्या स्वतः गायिका होत्या, देवधरांच्याच विद्यालयात शिकलेल्या. 1961 मध्ये दुसऱ्या मुलाच्या जन्माच्या वेळी त्या गेल्या. कुमारजींच्या चिकाटीची गोष्ट सांगताना आपण त्यांना एका वाक्यात उरकतो. टीबीच्या घराघरांत एक भानुमतीबाई असते. ताई, तुमच्या घरी त्या तुम्ही आहात. वेळेवर जेवा, झोपा आणि स्वतःची तपासणी करून घ्या. ती कोणती ते शेवटी सांगतो.

आता उपचाराकडे येतो.

सगळ्यांत आधी रिपोर्टमध्ये एक गोष्ट पाहा: थुंकीची सीबीनॅट किंवा ट्रूनॅट तपासणी झाली आहे का, आणि रिफॅम्पिसिन या टीबीच्या मुख्य औषधाला जंतू दाद देतो असे त्यात लिहिले आहे का. नसेल तर उद्याच डॉक्टरांना विचारा. जंतू औषधांना दाद देणारा असेल तर कोर्स सहा महिन्यांचा: पहिले दोन महिने चार औषधे, नंतरचे चार महिने तीन. गोळ्यांची संख्या वजनावर ठरते, त्यामुळे वजन वाढले की डॉक्टरांना सांगायचे. गोळ्या सकाळी उपाशीपोटी, सगळ्या एकदम.

लघवी केशरी होईल, ते रिफॅम्पिसिनमुळे, घाबरू नका. पण डोळे पिवळे दिसणे, सतत उलट्या होणे, अन्नावरची वासना उडणे ही कावीळ असू शकते. अशा वेळी पुढच्या तारखेची वाट न बघता त्याच दिवशी दाखवा. लाल-हिरवा रंग ओळखण्यात फरक पडला, नजर अंधुक झाली तर तेही लगेच सांगा, कारण एथॅम्ब्युटॉल हे औषध क्वचित डोळ्याच्या नसेवर परिणाम करते.

गाणाऱ्या मुलीसाठी एक दिलासा. कुमारजींना तारणाऱ्या स्ट्रेप्टोमायसिनचा आतल्या कानावर दुष्परिणाम होऊ शकतो, तोल जातो, ऐकू कमी येते. गायकासाठी हे केवढे मोठे संकट! आज साध्या टीबीच्या उपचारात हे इंजेक्शन नाही. आणि त्याच औषधाने जुन्या काळी आणखी एक गोष्ट शिकवली. एकटे दिले की काही महिन्यांत जंतू त्याला सरावतो आणि आजार उलटतो. म्हणून तीन-चार औषधे एकत्र द्यायची पद्धत आली, आणि म्हणूनच मधेच गोळ्या सोडणे इतके घातक. साधारण सहाव्या-आठव्या आठवड्यात ताप गेलेला असतो, भूक लागते, गाल भरतात, आणि "आता मी ठणठणीत आहे" असे वाटू लागते. बरेच जण इथे घसरतात. तुमच्या लेकीचे गाणे नेमके याच आठवड्यात येते आहे, म्हणून मला त्याची जास्त धास्ती वाटते. जिद्द लावायचीच असेल तर बेटा, ती तिसऱ्या महिन्यापासून सहाव्या महिन्यापर्यंतच्या गोळ्यांवर लाव. कोणी टाळ्या वाजवणार नाही, पण तुझा आवाज तिथे वाचेल.

रियाजाचे काय? ताप येतो आहे, वजन कमी आहे, खोकल्यातून रक्ताचा धागा दिसतो आहे, तोवर जोर लावून गायचे नाही, ताना नाहीत, तारसप्तक नाही. जास्त रक्त पडले तर थेट इस्पितळ गाठायचे. दुसरे कारण इतरांचे. गाताना तोंडातून हवेत बारीक कण उडतात, बंद खोलीत ते तरंगत राहतात, आणि थुंकीत जंतू असताना एकाच खोलीत दहा मुलींसोबत क्लास करणे म्हणजे त्या दहा जणींना धोक्यात घालणे. औषधे लागू पडली की संसर्ग झपाट्याने कमी होतो. तरी क्लासला कधी जायचे हे तुमच्या डॉक्टरांना ठरवू द्या. दोन महिन्यांनंतरची थुंकी स्वच्छ आली की मोकळेपणाने विचार करता येतो. तोवर तानपुरा लावून ऐकत बसणे, बंदिशी पाठ करणे, ताल हातावर धरणे, मनात आलाप करून वहीत स्वर लिहिणे, हे सगळे चालेल.

पुन्हा सुरुवात करताना मंद्र-मध्यात, हलक्या आवाजात, दिवसाला दहा मिनिटे पुरेत. दम लागला की थांबायचे. कोर्स संपल्यावर एकदा फुफ्फुसाच्या क्षमतेची तपासणी करून घ्या. तिचा आजार लवकर सापडला आहे आणि एकाच भागात आहे, त्यामुळे दोन्ही फुफ्फुसे चांगली राहण्याची आशा मला आहे. आवाज तीन आठवड्यांहून जास्त घोगरा राहिला तर मात्र कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा, कारण क्वचित स्वरयंत्रातही टीबी असतो.

आत्याबाईंना सांगा, पंचमढीची गरज नाही. 1959 साली मद्रासच्या अभ्यासाने हे जगाला दाखवून दिले: दाटीवाटीच्या घरात राहून, साधे जेवून, पण औषधे नेमाने घेणारे रुग्ण सॅनेटोरियममधल्या रुग्णांइतकेच बरे झाले, आणि घरच्या माणसांना त्यामुळे जास्त लागणही झाली नाही. तिची खोली उजेडाची ठेवा, खिडक्या उघड्या ठेवा, पहिले काही आठवडे तिने मास्क लावावा. ताट-वाटी वेगळी करायचे काहीच कारण नाही. त्याने मुलीचे मन मात्र मोडते.

जेवणाकडे नीट लक्ष द्या. 2023 साली झारखंडमधल्या एका मोठ्या अभ्यासाचे निकाल आले. रुग्णाच्या घरच्यांना पुरेसा शिधा दिल्यावर त्या घरांत नव्याने टीबी होण्याचे प्रमाण जवळपास 40 टक्क्यांनी घटले. डाळ, उसळी, दूध, अंडी चालत असतील तर रोज, शेंगदाणा-गुळाची चिक्की. सकाळचे पोहे-जिलेबी तिला आवडत असतील तर द्या, फक्त पोह्यांवर शेंगदाणे भरपूर हवेत. निक्षय या टीबीच्या सरकारी पोर्टलवर नोंद झाली की उपचार चालू असेपर्यंत महिन्याला 1000 रुपये पोषणासाठी तिच्या खात्यात येतात. तुम्हाला गरज नसली तरी नोंद करून घ्या.

आजींना लपवावेसे वाटते, कारण त्यांच्या तरुणपणी या आजाराचे नाव निघाले की स्थळे परत जात. त्यांना रागावू नका. शेजारीपाजारी सांगत बसायची गरज नाही, पण तिच्या गुरूंना आणि सोबतच्या मुलींच्या घरी सांगावेच लागेल, कारण त्या मुलींचीही तपासणी व्हायला हवी. गुरुजींना फोन तुम्ही स्वतः करा, आणि कार्यक्रमाची नवी तारीख आजच मागू नका. थुंकी स्वच्छ आली की मागा.

आणि घरातल्या प्रत्येकाची, म्हणजे तुमची, तिच्या वडिलांची, आजींची, भावंडे असतील तर त्यांची, लक्षणांची चौकशी आणि छातीचा एक्स-रे या आठवड्यातच करून घ्या. आजार नाही असे दिसले तरी डॉक्टर प्रतिबंधक गोळ्यांचा कोर्स सुचवतील, तो घ्या. आजींची साखरही तपासा. मधुमेह असला तर टीबी जास्त लवकर पकडतो.